निजलेलं शिखर

शरद ऋतू उतरला होता. पीतपर्वताच्या, चीनमधल्या हुआंगशानच्या, कड्याकड्यांवर ताम्रवर्ण पानं पेटली होती. शिलाभेदी पाइन वृक्षांच्या श्यामहरित रांगांतून वारा वाहत होता, थांबत होता, पुन्हा वाहत होता. खाली शुभ्रधूसर मेघसागर. त्याला किनारा नव्हता, आणि कुमुदिनीच्या जिवाला थारा नव्हता.

"अहो, चला ना!"

त्र्यंबकराव चालतच होते. आपल्या चालीने, काठी टेकत, पानं बघत. घाई असलीच तर ती तिला होती.

आठ वर्षांपूर्वी, अशाच स्वच्छनील शरदात, शांघायला मुलाकडे आलेली ही दोघं इथलं थ्येनतू शिखर चढत होती. माथा हाताशी आला, आणि वाटेत ती धार आली. माशाच्या पाठीसारखी अरुंद. दोन्हीकडे साखळी, दोन्हीकडे पोकळी. कुमुदिनी मटकन खाली बसली. मला नाही जमायचं, म्हणाली. त्र्यंबकराव चकार शब्द न काढता तिच्यासोबत उतरले.

तो न काढलेला शब्द तिला टोचत राहिला. नाशिकच्या स्वयंपाकघरात, मेथी निवडता निवडता, मध्येच ती धार दिसायची. धारेपलीकडचा सुवर्णस्नात माथा दिसायचा. आपल्यापायी त्या माथ्याला मुकलेला नवरा दिसायचा. आता मुलाची बदली होणार होती. चीन सुटणार होता. यांना एकदा वर न्यायचंच, तिने मनाशी ठरवलं होतं. मुलालाही काही विचारलं नव्हतं. त्याने नको म्हटलं असतं तर?

वाट वळली. वळणावर आडवं फाटक, फाटकाला कुलूप.

रखवालदार बाईला मराठी कळेना, हिला चिनी कळेना. शेवटी त्या बाईने शिखराकडे बोट दाखवलं, दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले आणि डोळे मिटले.

शिखर निजलं होतं. या पर्वतावर शिखरांना आळीपाळीने विश्रांती देतात. पावलांनी झिजलेले दगड, दुखावलेली मुळं काही वर्षं निवांत ठेवतात. हे मुलाला विचारलं असतं तर घरीच कळलं असतं.

वारा वाहिला, थांबला, पुन्हा वाहिला. कुमुदिनी फाटकाचा गज धरून रडू लागली.

"माझ्यामुळे राहिलं हो तुमचं. तेव्हाही आणि आताही."

त्र्यंबकराव खाकरले. पानांकडे बघितलं, काठीकडे बघितलं.

"कुमुद, खरं सांगू? त्या दिवशी माझेच पाय लटपटत होते. तू आधी बसलीस म्हणून मी सुटलो."

"आणि आठ वर्षं बोलला नाहीत?"

"तू माझ्यासाठी हळहळायचीस. बरं वाटायचं."

तिने गज सोडला. मग पदर खोचला आणि तरातरा पायऱ्या उतरू लागली. आठ वर्षं! मेथीच्या किती जुड्या, किती उसासे, सगळे फुकट! संताप पायांत उतरला होता, आणि का कोण जाणे, ओठांच्या कोपऱ्यात हसूही येत होतं. ते तिने दाबून टाकलं.

मेघ चढू लागले. ओल्या पायरीवर मागे काठी घसरल्याचा आवाज झाला.

ती थांबली. वळली नाही. नुसता हात मागे केला.

वर शिखर निजलं होतं, खाली मेघ जागे होते. आणि मध्ये, लाल पानांच्या पायरीवर, रागावलेला एक हात वाट पाहत होता.