रानमध

समीक्षा परबला रानमध माहीत होता तो फक्त पडद्यावरचा. मालवणी-कोकणी शब्दांचा एक खुला कोश इंटरनेटवर आहे. कुणीही शब्द घालावा, कुणीही सुधारावा, पैसे कुणालाच नाहीत. वालावलची ही शाळामास्तरीण वर्षानुवर्षं त्यात राबत होती आणि तिकडून रानमध या टोपणनावाचा कुणी माणूस झाडांचे, खेकड्यांचे, पोळ्यांचे शब्द ओतत होता. तिने मनाशी त्याचं एक रूपही ठरवून टाकलं होतं: आपल्या काकासारखा, पंचा खांद्यावर, तोंडात सुपारी.

ओरोसला सगळ्या लिहिणाऱ्यांचा पहिला मेळावा भरला. दारात नावं लिहून घेणारा निलेश धावत आला.

"बाय, कोण फॉरेनर इलो हा. पासपोर्ट मागलंय तर नुसतो हसता."

दारात उंच, काळाभोर, कुरळ्या केसांचा माणूस उभा होता. समीक्षाने हात जोडले आणि तिच्या तोंडून आपसूक इंग्रजी बाहेर पडलं. आपण कुठल्या देशाचे?

"हांव यल्लापूरचो," तो शांतपणे म्हणाला. "बस्त्याव सिद्दी. रानमध म्हणटात तो हांवच. तूं समीक्षा न्ही गो?"

इतकी वर्षं ज्याच्याशी एकेका शब्दावरून भांडलो, त्याला आपण देश विचारला. सिद्दी लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले आणि कर्नाटकात यल्लापूरकडच्या रानात वसले, हे ती वर्गात शिकवत असे. त्यांच्यातलं कुणी आपल्या भाषेत बोलेल, हे मात्र तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

आत शंकर सर बोलत होते. कोशाचे सर्वांत जुने संपादक, निवृत्त मुख्याध्यापक. "आज आपल्याला रानमध भेटणार," असं ते म्हणाले आणि समीक्षाबरोबर आलेल्या बस्त्यावच्या खांद्यावरून मागे बघत राहिले. मागे कुणीच नव्हतं. "हेच ते, सर," समीक्षा म्हणाली.

जेवताना तिने विचारलं, "तुम्ही कधी फोटो का नाही लावलात?"

"लायिल्लो," बस्त्याव म्हणाला. "सुरवातीक. खऱ्या नांवान. म्हयनोभर शब्द घाले, सगळे पुसून उडयले. खाला बरयलें, परक्या माणसान आमची भास इबाडूं नये."

"भाषा बिघडवू नये, असं लिहिलं? कुणी?"

त्याने नुसती मान वळवली. पलीकडे शंकर सर सोलकढी वाढून घेत होते.

"मागीर तेच शब्द रानमधाच्या नांवान घाले. तांणींच शाबासकी दिली."

समीक्षाने घास ताटात ठेवला. याच सरांनी तिला पहिला शब्द घालायला शिकवला होता. ती उठून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सर, बस्त्याव सिद्दी हे नाव आठवतं?"

सरांनी बस्त्यावकडे पाहिलं. "मला वाटलं, बाहेरचा कुणीतरी थट्टा करतोय."

"शब्द चूक होते?"

सरांनी वाटी खाली ठेवली. पिशवी उचलली आणि ते एसटी स्टँडकडे चालू लागले. त्यांना थांबवावं असं तिला वाटलं नाही, याचाच तिला अधिक धक्का बसला.

दुपारी बस्त्याव मधाच्या शब्दांवर बोलला. लोक हसले, भांडले, रंगले. तरी शेवटी एक बाई विचारून गेलीच, "पण तुमी मूळचे खंयचे?"

"यल्लापूरचो."

"त्याच्या आदी?"

"त्या आदीं तुमी खंय आशिल्लीं?" त्याने विचारलं. ती बाई ओशाळून खाली बसली.

संध्याकाळी जाण्यापूर्वी त्याने कोशात स्वतःचं नाव आणि फोटो लावला. त्यानंतर समीक्षा रोज धास्तावून पान उघडायची. एकही शब्द पुसला गेला नाही.

मग एके दिवशी शंकर सरांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "त्याचा नंबर देशील?"

तिने आधी बस्त्यावला विचारलं.

"दी," तो म्हणाला. "पूण तांकां सांग, म्हजेकडेन कोंकणींत उलयात म्हण."