चौऱ्याण्णव टक्क्यांचं पॅड

मी पॅड बोलतोय. पॅड म्हटल्यावर तो काचेचा, बोटानं सरकवायचा प्रकार डोळ्यांपुढे आणू नका. मी साधा, तपकिरी फळीचा, डोक्यावर लोखंडी चिमटा असलेला, पोरं परीक्षेला नेतात तो. मला कुणी विचारलेलं नाही, तरी बोलतोय. फार दिवस गप्प बसलो, आणि गप्प बसण्यानं काय होतं ते याच डोळ्यांनी पाहिलं. पॅडला डोळे कुठले, असं म्हणू नका. ज्याच्यासमोर माणसं रोज सोंगं करतात त्याला डोळे फुटतातच.

जन्म कुठला ते ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा पिंपरीच्या बाजारात एका दुकानाबाहेर दोरीला लटकत होतो. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. विजयश्रीताई आपल्या लेकीला, मिनलला, घेऊन आल्या, चिमटा दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, हा द्या. मिनलनं माझ्या पाठीवर वेळापत्रक लिहिलं, कोपऱ्यात फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं. सगळे पेपर मी तिच्याबरोबर दिले. गणिताच्या दिवशी तिच्या तळव्यांचा घाम मीच टिपला. पोरगी पास झाली, पेढे वाटले, आणि पिंपळे गुरवच्या त्या घरात मी माळ्यावर गेलो. माणसांची ही रीतच आहे. तक्रार नाही.

दोन वर्षांनी ताईंनी मला खाली काढून पुसलं. त्या चाकणच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, त्यांची अब्रू मला अजूनही जपावीशी वाटते. ताईंना नवं काम मिळालं होतं. वॉर्डात उभं राहायचं आणि बघायचं, कोण हात धुतं आणि कोण नाही. पेशंटला शिवण्याआधी, शिवल्यानंतर, जखमेचं काम करण्याआधी. हातमोजे कधी घातले, कधी बदलले. धुतले तर बरोबरची खूण, नाही धुतले तर फुली. महिनाअखेर खुणा मोजायच्या आणि टक्के काढायचे.

मला काय मिरवायला झालं म्हणून सांगू! पोरीच्या परीक्षेतून निघालो आणि थेट डॉक्टरांची परीक्षा घ्यायला लागलो. ताईंच्या छातीशी टेकून वॉर्डात शिरलो की माणसं सरळ उभी राहायची. डॉक्टर मंडळी सॅनिटायझरची बाटली दाबून इतका वेळ हात चोळायची की मला वाटे, यांना आता लग्नाची हळदच लागतेय. एक ब्रदर तर मला पाहिलं की कोपरापर्यंत हात धुवायचा आणि पाणी निथळत उभा राहायचा, खूण केलेली दिसेपर्यंत.

पण खरी गंमत पुढे. मी जिन्यात असतानाच वरच्या वॉर्डात बातमी पोचलेली असायची. कस्तुरामावशी म्हणून वॉर्डातल्या जुन्या कामवाल्या, त्या दारातून नुसतं म्हणायच्या, "पॅड आलं गं." झालं. नळ सुरू, बाटल्या सुरू. आम्ही पाठ फिरवली की सगळं आपापल्या जागी. ताई एकदा विसरलेलं पेन घ्यायला मागं वळल्या, तर तोच ब्रदर एका पेशंटची सुई काढून तसाच दुसऱ्याची नाडी बघत होता. ताईंनी पेन उचललं आणि निघाल्या. खूण तर आधीच झाली होती.

मिनलच्या परीक्षेत पेपर फुटला असता तर वर्तमानपत्रात आलं असतं. इथे तो रोज फुटायचा आणि महिनाअखेर आमचे चौऱ्याण्णव टक्के यायचे. मोठे डॉक्टर ताईंना शाबासकी देत, आकडा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागे. मला तो आकडा माझाच वाटायचा. आज त्या मिरवण्याची लाज वाटते.

आता रुपालीसिस्टरबद्दल सांगायला हवं, आणि नीट सांगायला हवं, कारण तिच्यासारखी सिस्टर त्या वॉर्डात दुसरी नव्हती. पेशंटच्या कण्हण्यावरून दुखणं ओळखणारी बाई. पण सॅनिटायझरनं तिच्या हातांची सालपटं निघालेली, बोटांच्या पेरांवर चिरा. तो द्रव लागला की डोळ्यांत पाणी यायचं. सांगायची सोय नव्हती, ड्यूटी बदलतील ही भीती. मग तिनं आपली वाट काढली. सकाळी एकदा हातमोजे चढवायचे आणि चार-पाच पेशंट त्यांच्यावरच उरकायचे. हातमोजा घातलाय म्हणजे हात स्वच्छच, असं तिनं मनाला समजावलं होतं. हातमोजा घालणाऱ्याला वाचवतो, पुढच्या पेशंटला नाही, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

विजयश्रीताईंना हे माहीत होतं. दोघी एकाच बॅचच्या, एकाच डब्यात जेवणाऱ्या. रुपालीसमोर उभं राहून फुली मारायला ताईंचा हात धजायचा नाही. त्या खूण करायच्या. बरोबरची.

त्याच वॉर्डात चार नंबरच्या कॉटवर गणराज आला. गंगाखेडकडचा, महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. उजवा हात मशीनमध्ये गेला होता. डॉक्टरांनी पाच तास खपून त्याची दोन बोटं वाचवली होती, अंगठ्याशेजारची. ती जगली तर पकड राहणार, पकड राहिली तर पोरगा पुन्हा मशीनवर उभा राहणार, असं डॉक्टर त्याच्या आईला समजावून सांगत होते.

आई म्हणजे सरूबाई. गावाकडून एका पिशवीत दोन लुगडी टाकून आलेली. पोराचा उजवा हात बांधलेला, म्हणून तीच त्याला घास भरवायची. पंचविशीचा बाप्या लाजायचा, इकडे-तिकडे बघायचा. ती म्हणायची, खा की रं, कोण बघतंय. कस्तुरामावशींनी सांगितलं म्हणून भरवण्याआधी बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुवायची, नखंसुद्धा. मी तिथं नुसता पडून असताना पाहिलंय हे. पण नातेवाइकांसाठी माझ्यावर रकानाच नव्हता.

चौथ्या की पाचव्या दिवसाची सकाळ. तीन नंबरच्या म्हाताऱ्याच्या पायाची जखम वाहत होती. रुपालीनं ती पुसली, पट्टी बांधली आणि त्याच हातमोज्यांनी चार नंबरकडे वळली, गणराजचं ड्रेसिंग उघडायला. आम्ही समोर उभे. ताईंचं पेन थांबलं. रुपालीनं वर पाहिलं. तिच्या नजरेत विनवणी होती, आणि दमणूक. ताईंनी खूण केली. मला पेनाचं टोक लागलं ते अजून दुखतं.

नवव्या दिवशी गणराजचा हात सुजला, ताप चढला, पू झाला. अकराव्या दिवशी ती दोन्ही बोटं काढावी लागली.

हे रुपालीच्या हातूनच झालं, असं मी म्हणणार नाही. जंतू काही नाव सांगून येत नाहीत. त्या ब्रदरच्या हातून झालं असेल, डॉक्टरांच्या हातून झालं असेल. पण चौकशी बसली तेव्हा आधी मला मागवलं. टेबलावर मी उताणा, सगळे माझ्याकडे बघतायत. त्या महिन्याचे हात धुण्याचे टक्के चौऱ्याण्णव, हातमोज्यांच्या रकान्यात एकही फुली नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, स्टाफकडून चूक दिसत नाही. आणि माझ्यावर बोट ठेवून त्यांनी तो प्रश्न मिटवून टाकला.

मग सरूबाईला बोलावलं. ड्रेसिंगला कधी हात लावला होता का, असं विचारलं. ती बिचारी म्हणाली, "व्हय. एकदा पट्टी सुटली व्हती, म्या टोक आत खोसलं." त्या खोलीत खरं बोललेली ती एकटीच, आणि खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला तर आवाजच नव्हता. पण असता तर मी बोललो असतो का? चौऱ्याण्णवचा मान मलाही प्यारा होता. खोटं कशाला सांगू.

बोटं कशानं गेली याचा कंपनीला कागद हवा होता, हॉस्पिटलनं दिला. नातेवाइकांनी ड्रेसिंग हाताळल्यामुळे संसर्ग झाला, असं लिहून खाली गोल निळा शिक्का. खराबवाडीच्या आपल्या खोलीवर गणराजनं तो वाचला, हे पुढे त्याच्याच तोंडून ऐकलं. आई समोर होती, काय लिहिलंय म्हणून विचारत होती, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचला.

महिन्यानं तो जखम दाखवायला आला तेव्हा आम्ही त्याच मजल्यावर होतो. सरूबाई बेसिनपाशी उभी. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. हातांची दशा रुपालीच्या हातांसारखी झालेली. गणराज ताईंना बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, तुम्ही तरी सांगा हिला. दिवसभर हात धुते. पीठ मळत न्हाई, माझ्या ताटाला शिवत न्हाई. मी मेसचा डबा लावलाय. घरात आई असून."

ताई सरूबाईजवळ गेल्या. त्यांनी मला छातीवरून खाली ठेवलं, हात मोकळे केले आणि तिचे ओले हात धरले. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या हातानं नाही झालं. आमचेच हात धुतलेले नव्हते. मी बघत होते, तरी मी खोटं लिहिलं."

सरूबाईनं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. एवढ्या मायेनं की मला वाटलं, आता सुटलो सगळे.

"बाई, तुमचं मन मोठं हाय म्हणून बोलताव," ती म्हणाली. "पर त्या कागदावर शिक्का हाय. शिक्क्याचं खोटं नसतंय."

हात सोडवून घेतले आणि पुन्हा नळ उघडला. ताई तिथेच उभ्या राहून रडल्या. येणारे-जाणारे बघत होते, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी माझ्या चिमट्यात कोरा कागद लावला. आपले टक्के खोटे आहेत, आपल्याला बघून लोक हात धुतात, त्या सकाळी हातमोजे बदललेले नसताना आपण खूण केली, आणि सरूबाईंना दोष देण्यासारखा एकही पुरावा नाही, असं सगळं मराठीत लिहिलं. सही केली. मग रुपालीला बोलावून वाचायला दिला. मला वाटलं, आता दोघींची मैत्री तुटते. रुपालीनं वाचला आणि म्हणाली, "माझं नाव का गाळलंस?" आणि पेन घेऊन स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं, खाली सही केली. अक्षर स्वच्छ आलं.

आता उरला शिक्का. तो सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, मेट्रनबाई, यांच्या ताब्यात. बाई वाईट नाहीत. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, विजयश्री, तुझं बरोबर आहे गं, पण हा असा बाहेर गेला तर केवढ्याला पडेल. कमिटीपुढे ठेवते, थोडं थांब. आणि कागदासकट मला उचलून आपल्या लोखंडी कपाटात ठेवलं.

ताई दोनदा विचारायला आल्या. कपाटातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, पुढच्या मीटिंगला. मग ताईंना खाली बाह्यरुग्ण विभागात टाकलं. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. मला त्यांचा राग येतो. आणि मग त्यांच्या छातीशी टेकून काढलेली वर्षं आठवतात, आणि राग धरवत नाही. रुपालीला म्हणे आता तिच्या कातडीला सोसेल असा द्रव मिळतो. सांगितल्यावर चार दिवसांत मिळाला. एवढंच होतं ते.

माझ्या जागी आता तो काचेचा पॅड आलाय. परवा मेट्रनबाई कुणाला तरी सांगत होत्या, या महिन्यात शहाण्णव आले. कस्तुरामावशी आता काय म्हणून हाक देत असतील कोण जाणे.

मला परत वॉर्डात जायचं नाही. फुलपाखरू निघून गेलंय, एक कोपरा फुगलाय, मला रद्दीत टाका, मी हूं की चूं करणार नाही. फक्त एक ऐका. कुणी हे कपाट उघडलंच, तर दुसऱ्या कप्प्यात फायलींच्या खाली मी आहे. चिमटा गंजलाय, पण जोरानं दाबला की उघडतो. तो कागद काढा. शिक्का टेबलाच्या उजव्या खणात असतो. तो मारा आणि कागद खराबवाडीला घेऊन जा. सरूबाईला वाचता येत नाही. तिच्यासमोर बसून, गणराजच्या देखत, मोठ्यानं वाचा.