डावी बाजू

आमच्या घरात सगळ्यांत भित्री कोण, असं विचारलंत तर माझी पाच वर्षांची नात रेवासुद्धा माझ्याकडे बोट दाखवील. अज्जी गाडीत बसली की तिचं तोंड सुरू होतं. ‘लेफ्टला सायकल. लेफ्टला शेअर ऑटो. लेफ्टला म्हैस, हळू.’ माझी मुलगी विद्यालक्ष्मी माझी नक्कल करते, जावई तन्मय हसतो. स्टिअरिंगवर बसलेले माझे यजमान गुरुराज मात्र हसत नाहीत. मी सांगेन तसा ते ब्रेक मारतात.

कारण त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. हे फक्त त्यांना, मला आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं.

काचबिंदू. ऑक्टोबरात कळलं. “गेलेलं परत येणार नाही. उजवा सांभाळा, आणि गाडी चालवणं आजपासून बंद,” असं बाईंनी स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं होतं. यांनी तो कागद चार घड्या घालून माझ्या लग्नाच्या साडीखाली ठेवला आणि मला देवापुढे उभं केलं. मुलांना सांगायचं नाही. मी मान हलवली. चाळीस वर्षं हलवत आले होते, त्यात आणखी एक.

हे चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी रणगाड्यांच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते. नवा रणगाडा ट्रॅकवर पळवून बघायचा, हे यांचं काम. झाकण बंद केलं की ड्रायव्हरला समोरच्या काचेतून दिसेल तेवढंच दिसणार. वर उभा असलेला कमांडर कानातल्या फोनवर सांगणार, लेफ्ट, राइट, सरळ. आणि तो ‘स्टॉप’ म्हणाला की आधी थांबायचं, कशासाठी ते नंतर विचारायचं.

“आपण तसंच करायचं,” हे म्हणाले. “तू कमांडर.”

खरं सांगते, मला ते आवडलं. या माणसानं आयुष्यात माझं एक ऐकलं नाही. घर कुठे घ्यायचं, मुलीला कोणत्या कॉलेजात घालायचं, सांबारात गूळ किती, सगळं यांच्या मनानं. आणि आता मी ‘हळू’ म्हटलं की गाडी हळू होत होती. गेले आठ महिने आम्ही दोघं तिरुवळ्ळूरच्या देवळाला गेलो, भाजीला गेलो, आणि दर गुरुवारी रेवाला शाळेतून आणलं. हो, रेवालासुद्धा. आज ते आठवायलाही भीती वाटते. तेव्हा वाटत नव्हती, एवढी मी मूर्ख झाले होते.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येलगिरीच्या डोंगरावर जायचं तन्मयनं ठरवलं. मूळचा पुण्याचा, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनपुढे बसून बसून त्याची मान आखडली होती. “अम्मा, दोन दिवस नुसतं झाडाखाली बसायचं. एकदम रिलॅक्स,” तो म्हणाला. त्याची गाडी लहान, म्हणून आमची न्यायची ठरली.

“अप्पा, मी चालवतो,” तो म्हणाला.

“माझी गाडी दुसऱ्याच्या पायाला ऐकत नाही,” हे म्हणाले.

झालं. रिलॅक्स व्हायला निघालेल्या त्या गाडीत माझा जीव मुठीत होता आणि बाकीच्यांच्या मुठीत चकलीसारखे मुरुक्कू.

हायवेवर फारसं काही बिघडलं नाही. पहाटेच निघालो होतो, रस्ता रुंद, आणि मी पुढच्या सीटवर होते. श्रीपेरुंबुदूर, कांचीपुरमचा फाटा, वेल्लूर. ‘लेफ्टनं लॉरी. लेफ्टला बाइक, उलटी येतेय. सरळ.’ विद्या मागून ओरडली, “अम्मा, पोदुम! पुरे आता! अप्पा पस्तीस वर्षं रणगाडे चालवत होते, तुझ्या म्हशी त्यांना दिसतात!” मी गप्प बसले नाही. वेल्लूरला इडली खाताना मी यांना बाजूला घेतलं.

“घाटात तन्मयला द्या. पाठ दुखते मणून सांगा.”

“काय पैत्यम का तुला? वेड लागलंय?” हे म्हणाले. “चौदा वळणं. तू आहेस की.”

तू आहेस की. चाळीस वर्षांत हे मला असं कधी म्हणाले नव्हते. मी पुढे बोललेच नाही. तिथेच बोलायला हवं होतं.

घाटाच्या पायथ्याशी रेवाला उलटी झाली. इडली, मुरुक्कू, सगळं बाहेर. गाडी थांबवून तिचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, हुंगायला लिंबू दिलं. पोरगी रडवेली होऊन म्हणाली, “मला अज्जीच्या मांडीवर बसायचंय.”

“मग अम्मा, तू मागे ये,” विद्या म्हणाली. “तन्मय पुढे बसेल, त्याला व्हिडिओ पण घ्यायचाय. आणि अप्पाच्या कानालाही जरा विश्रांती.”

मी यांच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. ‘नको, सरोजा पुढेच बसू दे.’ पण तसं म्हटलं असतं तर लेकीनं ‘का?’ विचारलं असतं. हे आरसा पुसत होते. आधीच लखलखीत होता तो.

“बस मागे,” हे म्हणाले. “थोडं तर राहिलंय.”

मी मागे बसले, डाव्या खिडकीशी, मांडीवर रेवा. म्हणजे ज्या बाजूचं यांना दिसत नाही, नेमक्या त्याच बाजूला आम्ही दोघी.

या घाटात दर वळणाला दरी बाजू बदलते. एका वळणाला ती उजवीकडे, पुढच्याला डावीकडे. उजवीकडे असली की मी श्वास घ्यायचे. डावीकडे आली की काचेला नाक लावून कठडा आणि चाक यांच्यातली वीत बघायचे आणि ओरडायचे, “लेफ्टला कठडा! राइट घ्या, थोडं राइट!” पण खिडक्या उघड्या होत्या, मागच्या गाड्यांचे हॉर्न होते आणि तन्मयनं गाणी लावली होती. माझे शब्द पुढे पोचत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. यांच्या मानेवर घाम आला होता. बाहेर तर गार वारा होता.

तिसऱ्या वळणाला डावं चाक कडेच्या खडीवर गेलं आणि खडी दरीत उडाली.

“अप्पा, जरा आत घ्या,” तन्मय हसत म्हणाला. त्याचा मोबाइल उजवीकडे होता, माकडांवर.

“माहीत आहे,” हे म्हणाले.

“अहो, थांबा,” मी म्हणाले. “मला मळमळतंय. मी पुढे येते.”

“घाटात कुठे थांबायचं, अम्मा? मागे बस आहे,” विद्या म्हणाली. “डोळे मिटून बस ना जरा.”

डोळे मिटून! एक जण आधीच अर्धे मिटून चालवत होता. मला हसू आलं. मी रेवाच्या पोटावर दोन्ही हात घट्ट धरले. “अज्जी, दुखतंय,” ती म्हणाली. तरी मी सोडले नाहीत.

चार, पाच, सहा, सात. प्रत्येक वळणावर नंबराची पाटी आहे. देवाचं नाव घ्यावं तशी मी त्या पाट्या घेत होते. आठव्याला हे इतके हळू झाले की मागची बस भोंगा दाबूनच राहिली. मला वाटलं, आता स्वतःच थांबतील. आता म्हणतील, तन्मय, तू घे. मला इतकी खात्री वाटली की मी लिंबू पिशवीत ठेवून दिलं.

पण यांनी गिअर बदलला आणि गाडी पुढे नेली.

नववं वळण. दरी डावीकडे. वरून एक बस खाली येत होती, अर्धा रस्ता अडवून. तिला जागा द्यायला यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. तसंच करायला हवं होतं, कुणीही तसंच केलं असतं. फक्त डावीकडे, कठड्याला टेकून, एक बाई उभी होती. पुढ्यात फणसांचा ढीग, हातात एक फणस, गिऱ्हाइकाला दाखवावा तसा वर धरलेला. मला ती दिसली. तन्मय बसकडे बघत होता. विद्या फोनमध्ये होती. गाडी त्या बाईच्या अंगावर निघाली होती, आणि ती हसून फणस दाखवत होती.

“स्टॉप!”

तो आवाज माझाच, पण मी तसा कधी काढला नव्हता.

गाडी जागच्या जागी थांबली. यांनी ‘का’ विचारलं नाही, आरशात पाहिलं नाही, काही नाही. पाय ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली. मागच्या बसचे ब्रेक किंचाळले. बंपर आणि बाईची साडी यांच्यात एका तळहाताचं अंतर राहिलं. तिच्या हातातला फणस पडला आणि उतारावरून गडगडत गेला.

बाईनं बॉनेटवर थाप मारली. “कण्णु तेरियलया?” डोळ्यांनी दिसत नाही का, असं चेन्नईत दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी कुणाला विचारतं. त्याला कुणी उत्तर देत नाही.

हे हसले. घसा साफ केला आणि मागे न बघता म्हणाले, “सरोजानं केवढी किंकाळी मारली! घाबरवून सोडलं मला. मघापासून सांगतोय, हिला घाट सोसत नाही.”

“अम्मा!” विद्या म्हणाली. “एक दिवस तुझ्यामुळेच ॲक्सिडेंट होईल!”

तन्मयनं सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांना पटलं होतं. मी भित्री, मी बडबडी, मी किंचाळले. मी नुसतं ‘चुकलं’ म्हटलं असतं की गाडी पुढे निघाली असती. अजून पाच वळणं होती. त्यांतल्या कितींना दरी डावीकडे येणार, ते मी मनात मोजून ठेवलं होतं.

रेवा माझ्या मांडीवर थरथरत होती.

“त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही,” मी म्हणाले.

 गाणं चालूच होतं. तन्मयनं ते बंद केलं.

“काय?” विद्या म्हणाली.

“काचबिंदू आहे. ऑक्टोबरापासून. डॉक्टरीणबाईंनी गाडी बंद करायला सांगितलीय. कागद माझ्या साडीखाली आहे.” एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. “मी बडबडत नाही, विद्या. मी त्यांना सांगते, डावीकडे काय आहे ते.”

मला वाटलं, ती आता बापावर ओरडेल. तिनं यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांची हालचाल मला कळत होती. ती महिने मोजत होती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.

“गुरुवारी,” ती म्हणाली. “रेवाला गुरुवारी तुम्ही आणायचात.”

“मी बरोबर असायचे.”

“तुला माहीत होतं. तुला माहीत होतं आणि तू तिला या गाडीत बसवलंस.”

 मी बसवलं होतं. बेल्टसुद्धा मीच लावायचे.

हे उतरले. फणसवाल्या बाईपुढे उभे राहिले, हात जोडले आणि काहीतरी म्हणाले. बाईचा चेहरा उतरला. तिनं उलट यांच्याच दंडाला धरून कठड्यापासून आत घेतलं. मग यांनी किल्ली तन्मयच्या हातात ठेवली. “क्लच थोडा वर लागतो,” एवढंच बोलले.

विद्यानं माझ्या मांडीवरून रेवाला उचललं. “दे इकडे,” म्हणाली, आणि पुढे जाऊन बसली. माझी मांडी एकदम हलकी झाली. तो हलकेपणा मला नको होता.

हे मागच्या सीटवर आले, उजव्या खिडकीशी. आमच्या मध्ये माणूस बसेल एवढी जागा. तन्मयनं गाडी सुरू केली. दहावं वळण त्यानं सहज घेतलं, एका हातानं. यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मी बोलेन म्हणून हे वाट पाहत होते की मी कधीच बोलू नये असं त्यांना वाटत होतं, ते कळत नव्हतं. देवापुढे दिलेला शब्द मी मोडला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, आणि तोच मी सगळ्यांसमोर रस्त्यावर टाकला. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा टाकेन, हेही मला माहीत होतं. त्यामुळेच रडू आवरेना.

मी यांच्या डाव्या हाताला बसले होते. मी पदर तोंडाला लावून रडत होते, आणि हे सरळ पुढे बघायला लागले तरी त्यांना ते दिसलं नाही.

तेरावं वळण गेलं. यांचा हात सीटवरून सरकत सरकत आला आणि मधल्या जागेत थांबला.

“लेफ्टला काय?” यांनी हळूच विचारलं. कारखान्यात विचारायचे तसं.

मी डोळे पुसले. डाव्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “सरळ.”