तुळईतली चीर

सुतारकाकूंचा जीव गेले काही दिवस थाऱ्यावर नव्हता. पाळणाघराच्या मागचा जिना त्यांनीच उभा केला होता आणि आता तोच जिना त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

काम खरं तर त्यांच्या नवऱ्याचं. पण तो मचाणावरून घसरला, मनगट मोडून घरी बसला, आणि पाळणाघराचा जुना लोखंडी जिना तर गंजून डुगडुगायला लागलेला. मग काकूंनी कंबर कसली आणि दिराला हाताशी घेतलं. लाकूड निवडलं निलगिरीचं. निलगिरी म्हटलं की लोकांना सर्दीवरचं तेल आठवतं. काकूंना आठवायचे करवतीचे बोथट झालेले दात. अंगानं दगडासारखं जड. खिळा थेट ठोकायला जावं तर खिळाच मान टाकतो, आधी ड्रिलनं भोक पाडून घ्यावं लागतं. पण जात चांगली असली आणि एकदा उभं राहिलं, की ऊनपावसाला दाद देत नाही, वाळवीही सहसा तोंड लावत नाही. वाळताना मात्र त्याची फार नाटकं. आतल्या ताणानं टोकाला चिरतं, पिळा घेतं. म्हणून काकूंनी लाकूडवाल्याला खोदून खोदून विचारलं होतं, "पुरतं वाळलंय ना?"

"खडखडीत," तो म्हणाला होता.

जिना बसला, पोरं वरखाली करू लागली. आणि एकदा सहज नजर टाकायला गेलेल्या काकूंना पायऱ्या तोलणाऱ्या उजव्या तुळईच्या वरच्या टोकाला, बोल्टच्या अगदी जवळ, केसाएवढी चीर दिसली. चीर संपत होती तिथं त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. पुढच्या खेपेला गेल्या, तेव्हा चीर रेघ ओलांडून खाली उतरली होती. त्यांनी दिराला बोलावून घेतलं.

"वहिनी, निलगिरी आहे. टोकाला चिरणारच," दीर म्हणाला. "तुम्हीच मला शिकवलंत."

"टोकाला चिरली तर चिरू दे. ही बोल्टच्या पलीकडं चाललीय, भाऊजी."

"मग आणखी एक बोल्ट मारू."

"म्हणजे चिरायला आणखी एक भोक करून द्यायचं?"

दीर घुटमळला. "पाळणाघराच्या मोठ्या बाईंच्या कानावर घातलंत, तर त्या देणार आहेत ते खेळायच्या खोलीच्या फळ्यांचं काम हातचं गेलं समजा."

ते काकूंना कळत नव्हतं असं नाही. तेवढ्यात वरून पोरांचा गलका ऐकू आला. झोप झाली होती. आता आईबाप न्यायला येणार आणि सगळी पलटण याच जिन्यावरून उतरणार. काकूंच्या डोळ्यांपुढं नको ते येऊ लागलं. त्यांनी पिशवीतला दोर काढला आणि जिन्याचं वरचं आणि खालचं तोंड बांधून टाकलं.

पाळणाघराच्या मोठ्या बाई धावत आल्या. "काकू, हे काय? हत्ती चढला तरी हलणार नाही म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता नाही म्हणत."

घरातल्या घरात एक अरुंद जिना होता. त्यावरून पाळणाघरातल्या मावश्यांनी एकेक पोर कडेवर घेऊन खाली आणलं. फाटकाशी आईबाप ताटकळले. "बायकांना असली कामं दिली की असंच व्हायचं," असं एका बापानं काकूंना नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं. काकूंनी कान बंद ठेवले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दिरानं तुळयांखाली टेकू लावले, पण दोन बोटं मोकळे ठेवले, म्हणजे तुळई दबलीच तर तिथं अडावी. मग दोघांनी पायऱ्यांवर वाळूची पोती चढवली. जिन्यानं हूं की चूं केलं नाही. तुळई टेकूंना शिवलीसुद्धा नाही.

"झालं समाधान?" बाई हसून म्हणाल्या.

दिरानंही सुटकेचा श्वास सोडला आणि पोती उतरवून पायरीवर बैठक मारली. काकू मात्र चिरेकडेच बघत होत्या.

"उघडून बघते," त्या म्हणाल्या.

"वहिनी, आत काही निघालं नाही तर?"

"तर माझं हसं होईल. होऊ दे."

टेकू घट्ट करून त्यांनी पान्यानं बोल्ट सैल केला. भोकातून तपकिरी, चिकट डिंक ओघळला. आतलं लाकूड हाताला गार लागत होतं. वाळलं होतं ते नुसतं वरवर. काकूंनी चिरेत पोलादी पट्टी सरकवली. ती सरकत गेली आणि तुळईच्या दुसऱ्या अंगानं बाहेर आली. मध्ये डिंकाचा अख्खा कप्पा होता. निलगिरीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्या गुंत्यानंच काय तो सगळा भार धरून ठेवला होता.

दीर पायरीवरून गुपचूप उठला.

"कधी पडला असता?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही. कदाचित काल."

आता इतकं लांब, खरोखर वाळलेलं लाकूड आणायचं कुठून? व्यापाऱ्यावर काकूंचा विश्वास उरला नव्हता. घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबांचं कामाचं टेबल आहे की."

सासऱ्यांनी ते टेबल एका मोडीत निघालेल्या पुलाच्या लांबलचक निलगिरीवर उभारलं होतं. अख्खी पिढी वाळलेली तुळई. त्यावरच नवरा रंधा धरायला शिकला होता.

"अहो, नक्की?"

"कापा तुम्ही दोघं. मधल्या गाठीपाशी मोडका खिळा आहे, तेवढा आधी काढा. नाहीतर करवत जाईल."

खिळा काढण्यातच दिराची दुपार गेली. काकूंनी डाव्या तुळईचेही बोल्ट उघडून पाहिले, ती आतपर्यंत सुकी निघाली. नवी तुळई बसली तेव्हा नवरा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बघायला आला. सगळे बोल्ट त्यानं डाव्या हातानं पुन्हा तपासले आणि एकाला अर्धा आटा पिळला. बहुधा स्वतःच्या समाधानापुरता.

पुढच्या सोमवारी दोर सुटला. पोरं धडाधडा उतरू लागली आणि काकू जिन्याच्या पायथ्याशी मान वर करून उभ्या राहिल्या. शेवटचं पोर फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

मोठ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "खेळायच्या खोलीची मापं घ्यायला कधी येताय?"

"येईन. पण लाकूड आधी माझ्या आवारात वाळेल," काकू म्हणाल्या. "मी हो म्हणेपर्यंत घाई करायची नाही."

"नाही करत," बाई म्हणाल्या.

काकूंनी मान डोलावली आणि डावी तुळई पुन्हा एकदा बघायला त्या जिन्याखाली वाकल्या.