खिळ्यांची गुळणी

काकांनी फोटो आणला तो खाकी कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून. दुकानात पाऊल टाकताच म्हणाले, "स्टुडिओवाल्याकडून खास करून घेतलाय. आई अशी दिसतेय, तू बघतच राहशील."

टाचणी खरंच बघत राहिली. फोटोतली आजी हसत होती. गाल भरलेले, केस चापूनचोपून बसवलेले, हात चौकटीबाहेर कापून टाकलेले. पुढचे दोन्ही दात अखंड आणि पांढरेशुभ्र, दंतमंजनाच्या जाहिरातीतल्या बाईसारखे. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं, 'कष्टाळू, प्रेमळ, सोशीक'.

"हा दात कुणाचा?" टाचणीने विचारलं.

"म्हणजे?"

"आजीचा तर नाही. तिच्या दाताला खाच होती."

"होती ना. बुजवून घेतली," काकू समाधानाने म्हणाल्या. "आता कशी घरंदाज दिसतात!"

टाचणीच्या डोक्यात तिडीक गेली. ती खाच पडायला एक अख्खा जन्म लागला होता, आणि कुणा स्टुडिओवाल्याने ती चहा पिता पिता बुजवून टाकली होती.

खाच पडली ती कामामुळे. आजी सोफे, खुर्च्या, बाकं नव्याने मढवून द्यायची. दुकान मूळचं आजोबांचं. त्यांची नजर गेली तेव्हा 'हे बाईमाणसाचं काम नाही' असं सांगणारे पुष्कळ निघाले, पण त्यातला एकही स्वतः ते काम करायला पुढे आला नाही. मग आजीने हातोडी उचलली. या कामात एका हाताने कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि खिळे धरायला तिसरा हात कुणाला नसतो. म्हणून ते तोंडात ठेवायचे. जिभेने एक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीचं चुंबकाचं टोक ओठांना टेकवायचं, खिळा चिकटला की ठक्. बारीक खिळे, पण आजीने दातांआडून इतके काढले की पुढच्या दाताला नखाएवढी खाच पडली.

दातांचे डॉक्टर तिचं जुनं गिऱ्हाईक. ते कळवळून सांगायचे, "आजी, अशानं दात जाईल हो."

"दात माझा, खिळा माझा," आजी म्हणायची. "तुमची फक्त खुर्ची. तिचं काय ते बोला."

पण खिळ्यांचा खरा उपयोग निराळाच होता. अडचणीच्या वेळी लोक मिठाची गुळणी धरतात, आजी खिळ्यांची धरायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मूठभर खिळे तोंडात. नातलग "आता पुरे झालं, मुलाकडे जाऊन राहा" म्हणाले की खिळे तोंडात. मग समोरच्याने घसा कोरडा होईपर्यंत बोलावं आणि उत्तरादाखल ठकठक ऐकून आल्या पावली परत जावं. आजोबा गेले त्यानंतर जागेचे मालक आले होते. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते आणि तोरा तर विचारू नका. "आता हे दुकान चालवणार कोण?" असं त्यांनी दारातून विचारलं. आजीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं, खिळे तोंडात भरले आणि कामाला लागली. दारात अर्ध्या चड्डीतले काका उभे होते. येईल त्याला सांगायचं काम त्यांच्याकडे असायचं, "आईच्या तोंडात खिळे आहेत. काम झालं की बोलेल." मालक ताटकळून ताटकळून निघून गेले. दुकान राहिलं. ही गोष्ट सांगताना आजी इतकी हसायची की तिला पदराने डोळे पुसावे लागायचे.

आणि अशा बाईला म्हणे सोशीक! कष्टाळू खरं, प्रेमळ तर शंभरदा खरं. टाचणीचे आईबाप दोघंही कामावर, त्यामुळे ती शाळेतून थेट दुकानात यायची. तिला ठोकण्याच्या ओट्यापर्यंत हात पोचावेत म्हणून आजीने तिच्यासाठी एक स्टूल केलं होतं. पोरगी वाढली की आजी गुपचूप स्टुलाच्या गादीतला कापूस कमी करायची, आणि टाचणीला वाटायचं, आपण तर उंच होतोय, मग स्टुलावर बसलं की ओटा तेवढाच उंच कसा? टाचणी हे नावही तिचंच. "बारीक आहे, पण टोचते," असं ती कौतुकाने सांगायची. पण सोशीक? कुणी हा शब्द तिच्यासमोर उच्चारला असता तर हातोडी त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडली असती, आणि चुकून पडली असं कुणीही म्हटलं नसतं.

"दुपारी मालक येतील," काकांनी मूळ विषय काढला. "त्यांनी स्पष्ट सांगितलंय, घरातलं कुणी दुकान चालवणार असेल तर ठीक, नाहीतर किल्ली द्या. मी किल्ली देतो म्हणालोय."

"मला न विचारता?"

"अगं, तुझ्यासाठीच! माझ्या ऑफिसात शब्द टाकलाय. पंख्याखाली बसून काम. दिवसभर दुसऱ्यांच्या बुडाखालच्या गाद्या कुटत बसणार का आयुष्यभर?"

"आजी बसलीच ना."

"तेच तर!" काकांचा आवाज चढला. "शाळेत मला सोफेवालीचा म्हणायचे, माहितीये? आई कधी हसली तरी मला तो दातच दिसायचा. जे तिचं झालं ते तुझं होऊ नये, एवढंच म्हणतोय मी."

काका वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडायला सोपं पडलं असतं. टाचणी कोपऱ्यातल्या बाकाकडे वळली.

बाक दातांच्या डॉक्टरांचं होतं. त्यांच्याकडे येणारी लहान मुलं दारातच भोकाड पसरायची, म्हणून आजीने त्यांना हे करून दिलं होतं. लालभडक पाठ, खाली जिभेसारखी गुलाबी बैठक, आणि कडेने ओळीने पांढऱ्या दातांच्या उश्या. मोठ्ठा उघडा जबडा! मुलं रडणं विसरून त्यात उड्या मारायची. पुढच्या एका उशीला आजीने मुद्दाम खाच ठेवली होती. "सही आहे ती माझी," असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. इतक्या वर्षांच्या उड्यांनी बैठक फाटली, तेव्हा डॉक्टरांनी बाक दुरुस्तीला पाठवलं. निरोप होता, 'जसं होतं तसंच हवं. खाचेसकट.' बाक दुकानात पोचलं आणि आठवड्याभरात आजी गेली. त्याला महिना होत आला होता. जुनं कापड टाचणीने उतरवलं होतं, नवं कापून ठेवलं होतं, पण खिळा काही ठोकवत नव्हता.

टाचणीने खाचेच्या उशीवरून बोट फिरवलं. मग कापडावर खुणा करायचं काळं पेन घेतलं, काकांच्या हातातला फोटो काढून घेतला आणि ओट्यावर पालथा टाकला. दोन खटक्यांत मागची पाटी निघाली.

"काय करतेस?" काकू ओरडल्या.

टाचणीने फोटो बाहेर काढून सुलटा केला आणि आजीच्या दातावर ती खाच काढली, जिथे होती तिथेच, जेवढी होती तेवढीच. तिला आठवावंही लागलं नाही. मग दाभण घेऊन ती पितळी पट्टीवर 'सोशीक' खरवडायला लागली. पितळ करकर वाजत होतं आणि काकूंनी कानांवर हात ठेवले होते.

"अगं, आईचा फोटो आहे तो!" काका लालबुंद झाले.

"आत्ता झाला," टाचणी म्हणाली. "बघा ना नीट. ओळख पटते का?"

काकांनी रागारागाने फोटो उचलला. फोटोतली बाई आता त्यांच्याकडे बघून खोडकर हसत होती. काकांनी फोटो आणखी जवळ धरला.

तेवढ्यात दारात काठी वाजली. मालक आले होते. केस पांढरे, चाल मंद, तोरा मात्र शाबूत.

"या, या," काका सावरून म्हणाले. फोटो अजून त्यांच्या हातातच होता. "किल्ली तयारच आहे."

मालकांनी लाल बाकाकडे पाहिलं, कापलेल्या कापडाकडे पाहिलं, मग टाचणीकडे. "म्हणजे हे दुकान चालवणार कुणी नाही?"

टाचणीला ठाऊक होतं, आपण एक बोललो की काका दहा बोलणार, आणि सगळी दहा आपल्या भल्याचीच असणार. बोलण्यात ती हरली असती. तिने डब्यात हात घातला आणि मूठभर खिळे तोंडात भरले. जिभेवर लोखंडाची कडवट चव पसरली. तिने गुलाबी कापड बैठकीवर ओढलं, कड ताणली, एक खिळा ओठांवर आणला.

ठक्.

"अगं पोरी, मी काय विचारतोय?"

ठक्. ठक्. तिचे डोळे भरून आले होते. आजीशिवायचा हा पहिला खिळा, हा दुसरा, हा तिसरा. सरळ बसत होते.

मालक वैतागून काकांकडे वळले. "ही बोलत का नाही? आता तुम्हीच सांगा काय ते."

काकांनी किल्ली पुढे केली. मग हातातल्या फोटोकडे त्यांची नजर गेली, फोटोवरून टाचणीच्या फुगलेल्या गालांवर. किल्ली धरलेला हात हळूच खाली आला. ते दोन पावलं मागे सरले आणि दारात जाऊन उभे राहिले, मालकांच्या आणि ओट्याच्या मधोमध.

"हिच्या तोंडात खिळे आहेत," ते म्हणाले. "काम झालं की बोलेल."