गजराबाईचं कण्हणं

मिरची वाळत घालायच्या पथारीवर उकिडवं बसून तीस वर्षं देठं खुडली, तर गुडघा किती दिवस साथ देणार? गजराबाईचा उजवा पार कामातून गेला, तेव्हा कुठे घरच्यांनी तो बदलायला तिला नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं.

ऑपरेशनच्या सकाळी भुलीच्या डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. "मांडीतल्या नसेजवळ एक सुई देऊ. ऑपरेशननंतर दिवसभर तरी दुखणं फारसं जाणवणार नाही."

"नको," मुलगा हेमकांत मध्येच म्हणाला. धानोऱ्याच्या आत्यानं, म्हणजे गजराबाईच्या थोरल्या नणंदेनं, कौसाबाईनं, फोनवर बजावलं होतं की नसेला सुई टोचली की पाय लुळा पडतो, आणि सोसल्याशिवाय गुण येत नाही. कौसाबाईला त्यातलं काय कळत होतं? पण त्या घरात तिचा शब्द खाली पडत नसे.

गजराबाईनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "पाय लुळा पडस का?"

"नसेला इजा होते, पण फार क्वचित. आम्ही मशीनवर नस बघूनच सुई देतो."

"मंग द्या. गुडघा मन्हा शे, सही मी करसू."

हेमकांतच्या हातातला पेन तिनं काढून घेतला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षरं वाकडी आली. येऊ देत.

संध्याकाळी कौसाबाई चार बायकांना रिक्षात घालून भेटायला आली. बायका डोळ्याला पदर लावायच्या तयारीनंच आत शिरल्या, आणि बघतात तर गजराबाई उशीला टेकून चहात बिस्कीट बुडवत होती. सगळ्यांचा विरसच झाला.

"दुखत नही का?" कौसाबाईनं विचारलं.

"नही."

"मंग नस मारी टाकी त्यास्नी." कौसाबाईचा निकाल लागलासुद्धा.

गजराबाईनं चादर सारून पायाची बोटं हलवून दाखवली. तरी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. हेमकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आईच्या कानाशी वाकला. "माय, जरासं कन्ह ना. लोके काय म्हनतीन?"

गजराबाईनं कप खाली ठेवला. तिला इतका राग आला होता की नणंदेकडे वळली तेव्हा आवाज उलट शांतच निघाला.

"बाई, हाऊ हेमकांत व्हयना तो दिन तुले याद शे का? ओटावर मानसे बसेल व्हतात, म्हनीसन तू मन्हा तोंडवर हात दाबा व्हता. तव्हय मन्हा जीव चालना व्हता, तर कन्हू नको. आते दुखत नही, तर कन्ह. मन्हं दुखनं मी ठरावसू."

कौसाबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. थोड्या वेळानं रिक्षा मिळणार नाही म्हणून सगळ्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुईचा असर उतरला. गोळ्या चालू होत्या, तरी गुडघा ठणकू लागला. मग मात्र गजराबाईनं आ वासला आणि कण्हली, अगदी पोटातून, साठ वर्षांत कण्हली नव्हती तशी. बाहेर बाकावरची माणसं वळून आत बघू लागली.

हेमकांत लगबगीनं दार लावायला उठला.

"दार उघडं ऱ्हाऊ दे," गजराबाई म्हणाली, आणि पुन्हा कण्हली.