मेक याह पलीकडे जिवंत आहे

माझ्या सासूला सगळे मेक याह म्हणत. सरकारदरबारी तिला दोन नावं होती. नदीच्या आमच्या काठाला, थायलंडच्या ताकबाईत, ती सुवन्नी. समोरच्या काठाला, मलेशियात, ती मैमूना. दोन्हीकडे फोटोचं कार्ड, दोन्हीकडे पासपोर्ट, दोन्हीकडे मत. जन्मतारखासुद्धा वेगळ्या. कुणी वय विचारलं तर म्हणायची, "कुठल्या काठाचं सांगू?"

तिचं माहेर अलीकडे, सासर पलीकडे. नवरा वारल्यावर ती कधी मुलाकडे असायची, कधी आमच्याकडे. होडीत बसताना सारोंगच्या ओच्यात एक कार्ड डावीकडे खोचायची, एक उजवीकडे, आणि उतरताना हात बरोबर योग्य बाजूला जायचा. नदी एवढीशी, की पलीकडच्या मशिदीची बांग आमच्या अंगणात ऐकू येते. अशी दोन कार्डांची माणसं आमच्याकडे घरटी सापडतील. थाई सरकार त्याचं फारसं मनावर घेत नाही. मलेशियाचं सरकार मात्र दुसऱ्या देशाचं नागरिकत्व चालवून घेत नाही. कळलं तर आपलं काढून घेतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी होड्या भरून जात होत्या.

मेक याहने मुलांची नावंही दोन्ही काठांना लावून ठेवली होती. माझी बायको सुरयानी लग्नानंतर इकडे राहिली, तिचं पलीकडचं कार्ड हरवलं ते हरवलंच. तिचा भाऊ हमदान पलीकडे शिकला आणि पेंगकालान कुबोरच्या शाळेत मास्तर झाला. सरकारी नोकरी. त्याचं अलीकडचं कार्ड आमच्या कपाटात पडून असे. त्याने ते कधी मागितलं नाही आणि त्याबद्दल कुणी बोललेलंही त्याला आवडत नसे.

म्हातारीला हजला जायचं होतं. मलेशियात नाव लावलं की नंबर यायला अर्धं आयुष्य जातं. तिने नवऱ्याबरोबर लावलं होतं, नवरा वाट बघतच गेला. आमच्या बाजूची रांग आखूड. एका वर्षी ताकबाईच्या इमामांनी सांगितलं, की सुवन्नीचा नंबर लागू शकतो, सोबत मुलगी गेली तर बरं. हमदानला कळलं तसा तो शुक्रवारची सुट्टी धरून आला. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो होतो.

"मॉक, तू जाऊ नकोस," तो आईला म्हणाला. "तुझं नाव तिकडे लागलेलं आहे. इथूनही गेलीस आणि कुणी जुळवून बघितलं म्हणजे?"

"कोण बघतंय? अल्लाकडे माझं एकच नाव आहे."

"मी अल्लाचं नाही, कचेरीचं बोलतोय."

"कचेरी काय, मला खांदा द्यायला येणार आहे?"

सुरयानी भात वाढता वाढता म्हणाली, "त्याला तुझी काळजी नाही गं. नोकरीची आहे."

"आहेच नोकरीची," हमदान म्हणाला. "माझी पोरं त्यावर जेवतात. आईचं निघालं की माझं निघेल. माझं नाव इकडे मी लावलं होतं का?"

म्हातारीने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मी लावलं. तुला सारखा ताप यायचा. जवळचा दवाखाना इकडे होता आणि चांगली शाळा तिकडे. मला दोन्ही हवं होतं. आता माझे गुडघे गेले बाळा. तिकडचा नंबर येईल तेव्हा मला उचलून न्यावं लागेल. जाऊ दे मला."

हमदान जेवण तसंच टाकून उठला नाही. ताटातला मासा शेवटपर्यंत निवडून खाल्ला आणि हात धुऊन आईच्या पायाशी बसला. तो निघाला तेव्हा तिने त्याच्याकडे पलीकडचं कार्ड आणि पासपोर्ट दिला. "हे तुझ्याजवळ ठेव. विमानतळावर दोन-दोन निघाले तर माझी बोबडी वळेल. आले की घेईन."

हाजयाईहून म्हातारी आणि सुरयानी, दोघींचं विमान सुटलं. पोहोचवायला मी एकटाच गेलो होतो. हमदान आला नाही. वाटेतल्या पोलिसांच्या चौकीवरून यायचं तर त्याला कुठलं तरी एक कार्ड काढावं लागलं असतं, आणि कुठलं काढायचं हे त्याला ठरवता येईना, असं तो मला नंतर म्हणाला.

हजचा मुख्य, अराफातचा दिवस झाला, बकरी ईदही झाली. ईदची सुट्टी संपून शाळा उघडल्या त्या सकाळी मी अंगणात खारवलेले मासे उन्हात उलटत होतो, तेव्हा सुरयानीचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "मॉक गेली. मिनाच्या तंबूत. उन्हाने. दुपारच्या नमाजाला मक्केच्या हरम मशिदीतच जनाजा आहे, इथेच पुरणार. तू पलीकडे जा आणि हमदानला सांग. फोनवर नको सांगूस, तो वर्गात असेल."

मी हात धुतले, तरी माशाचा वास राहिलाच. तसाच होडीत बसलो. मक्केत मरण आलं, केवढं भाग्य, असं होडीतल्या बायका म्हणाल्या. आमच्याकडे तसंच म्हणतात, आणि मलाही ते खोटं वाटत नव्हतं.

शाळेत मला मास्तरांच्या खोलीत बसवलं. हमदान फळ्याच्या खडूने पांढरे झालेले हात झटकत आला. मला बघूनच त्याला कळलं. मी त्याच्या कानाशी सांगितलं. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. तेवढ्यात हेडमास्तर आत आले, चांगले सज्जन गृहस्थ.

"काय झालं हमदान? घरचं कुणी?"

हमदानने टेबलाची कड सोडली. मग म्हणाला, "माझी मावशी. लांबची. नदीपलीकडे असायची."

"इन्ना लिल्लाही," हेडमास्तर म्हणाले. "फार जवळची होती का? जायचं असेल तर अर्धा दिवस देतो. आई-वडील असते तर जास्त देता आला असता, मावशी नियमात बसत नाही."

"नको सर. तास संपवतो."

हेडमास्तरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आणि आई कशी आहे? बऱ्याच दिवसांत दिसली नाही."

"बरी आहे," हमदान म्हणाला. "गुडघे दुखतात तेवढंच."

तो मला फाटकापर्यंत सोडायलाही आला नाही. मी व्हरांड्यातून जाताना खिडकीतून बघितलं. तो मुलांकडे पाठ करून फळ्यावर गुणाकार लिहीत होता. लिहून झाल्यावरही तो बराच वेळ वळला नाही. मुलं आपापसांत हसत होती.

सुरयानी परतली ती मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्याचा डबा आणि कोपरा कापलेला पासपोर्ट घेऊन. मेलेल्या माणसाचा पासपोर्ट असा कापून देतात. आम्ही इकडे दुवा आणि जेवण ठेवलं. अख्खं गाव आलं, पलीकडचीही निम्मी माणसं आली. हमदान बायको-मुलांना न घेता एकटाच आला आणि मागच्या दाराजवळ बसला. लोक गेल्यावर सुरयानीने त्याला विचारलं, "तुझ्याकडे जेवण कधी घालायचं?"

"माझ्याकडे नको."

"का? बाबा तिकडे पुरलेत. त्यांच्या मशिदीत तिच्यासाठी चार माणसांनी हात उचलायला नकोत?"

"शेजारी शाळेतले आहेत. कुणासाठी म्हणून सांगू?"

"मावशीसाठी म्हण," सुरयानी म्हणाली. मी तिला ती गोष्ट सांगितली होती, सांगायला नको होती. "तुला काय, तुझी आई अजून जिवंतच आहे. मेली ती माझी."

हमदान उठला. दारात थांबून म्हणाला, "तू तिला घेऊन गेलीस."

एवढंच. पण त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं तुटलं. ईदला तो येई, वडीलधारा म्हणून मला सलाम करी, पोरांना खाऊ देई. सुरयानी ताट पुढे ठेवून आत निघून जाई.

पलीकडे मेक याह जगत राहिली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळायच्या त्या दवाखान्यातून फोन येई, आई तपासायला का आली नाही. हमदान सांगे, बहिणीकडे गेलीय. निवडणूक आली तशी यादी लावली, तिच्यात मैमूनाचं नाव. मग हजच्या कचेरीतून निरोप आला, की नंबर जरा पुढे सरकला आहे, तब्येत सांभाळा. हे त्याने मला काठावर चहा पिताना सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

पुढे पलीकडच्या काठाला पूर अडवायची भिंत बांधायचं निघालं. नदीकाठचं सासऱ्यांचं घर आणि नारळाची बाग मेक याहच्या नावावर होती. भिंत नेमकी परसातून जाणार होती, म्हणून मालकिणीला जमिनीच्या कचेरीत अंगठा द्यायला बोलावलं. हमदान दोनदा टाळून तिसऱ्यांदा गेला. तिथून तो थेट होडीने माझ्याकडे आला आणि मासे वाळवायच्या फळ्यांमध्ये उभा राहून बोलू लागला. मला तो आबे लेह म्हणतो, आबे म्हणजे थोरला भाऊ.

"आबे लेह, मी सांगून टाकलं. म्हटलं, आई वारली."

"मग?"

"साहेब म्हणाला, कळवलं नाहीत का? दाखला आणा. मी म्हटलं, मक्केत वारली. म्हणाला, मग तर सोपं आहे, आपल्या हजच्या लोकांकडे नोंद असेल. कुठल्या वर्षी गेल्या होत्या? तो यंत्रावर शोधायला लागला. मैमूना कधी गेलेलीच नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. तो इथलाच आहे, तोंडावरून कळतं. त्याच्याही घरात असणार दोन कार्डांचं कुणीतरी."

"काय म्हणाला?"

"यंत्र बंद केलं. म्हणाला, मास्तर, तुम्ही आज दमलेले दिसता. आई बहिणीकडे गेली असेल. परत आली की घेऊन या, घाई नाही." हमदानने चेहऱ्यावरून हात फिरवला. "भला माणूस. त्याने मला वाचवलं. मी त्याचे आभार मानले, आबे. दोन्ही हातांनी त्याचा हात धरून आभार मानले."

अंगठ्याची वाट न बघताच भिंत झाली. परस गेलं, घर भिंतीच्या नदीकडच्या अंगाला राहिलं. दरसाल पुराचं पाणी आत शिरतं आणि गाळ ठेवून जातं. विकता येत नाही, पाडता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही.

त्या वर्षीच्या ईदला हमदान जेवून उठला नाही. सुरयानी नेहमीसारखी आत निघाली, तर त्याने तिला हाक मारली. "सुरयानी. ती कशी गेली, मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारतोय."

ती दाराच्या चौकटीला टेकली. आधी ती सांगेल असं मला वाटलं नाही. मग हळूहळू सांगू लागली. तंबूत उकाडा कसा होता, म्हातारीने आपलं पाणी शेजारच्या बाईला कसं दिलं, मग बोलणं कसं अडखळायला लागलं. "थाई नर्स आली. चांगली पोर होती. गालावर थोपटून हाका मारत होती, सुवन्नी, सुवन्नी. पण मॉकला कळेचना की आपल्याला बोलावतायत. ती इकडे तिकडे बघत होती, ही कोण सुवन्नी म्हणून. मी त्या पोरीला बाजूला केलं आणि कानाशी जाऊन म्हटलं, मॉक. तेव्हा माझ्याकडे बघितलं. त्यानंतर नाही बघितलं."

हमदानने ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यांत डोकं घातलं. शाळेत त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते तो आता रडला, मोठ्याने, बाईमाणसासारखा हेल काढून. सुरयानी त्याच्याजवळ खाली बसली. तिने त्याला हात लावला नाही, पण उठलीही नाही. पोरं खेळ थांबवून बघत राहिली, म्हणून मी त्यांना अंगणात नेलं.

ऊन उतरल्यावर मी त्याला होडीपर्यंत सोडलं. पलीकडच्या धक्क्यावर शाळेतला कुणी शिपाई जाळं घेऊन बसला होता. हमदानने होडीतच वाकून नदीच्या पाण्याने तोंड धुतलं, टोपी नीट केली, आणि उतरताना त्या माणसाशी काहीतरी हसून बोलला. शिपायाने आई कशी आहे असं विचारलं असावं. हमदान मान डोलवत होता.